कोंबडीला औषध दिलं, पण जमिनीचं काय?



गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, ‘घरी 14 गावठी कोंबड्या आहेत. जंताचं औषध मी नेमानं पाजते. आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तुरे पांढरे पडतात, कोंबड्या झुरतात, अंडी थांबतात. औषधात खोट आहे की माझ्या हातात?’

ताई, खोट औषधात नाही आणि तुमच्या हातातही नाही. खोट आहे ती तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यात. औषध पाजा असं सगळे सांगतात, पण कोंबडी ज्या जागेवर चरते त्या जागेचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. हे मी ठामपणे लिहितो, कारण असा अर्धा सल्ला मी स्वतः एकदा दिलेला आहे.

2003 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मावळपट्ट्यातल्या एका गावी भातलावणीच्या कामानं गेलो होतो. बांधावरून परतताना एका मावशींनी हाक मारली. त्यांच्या 22 कोंबड्या होत्या. तलंगा अंड्यावर यायच्या वयाच्या, पण अंगात मांस नाही, पिसं विस्कटलेली. नुकतीच मेलेली एक त्यांनी फाडून पाहिली होती. आतड्यात शेवयांसारखे पांढरे जंत गच्च भरलेले! मी म्हटलं, ‘मावशी, दवाखान्यातून जंताचं औषध आणा, पाण्यातून पाजा, काम झालं.’ आणि जीपमध्ये बसून निघून गेलो.

गौरी-गणपतीच्या सुमाराला पुन्हा त्या गावी जाणं झालं. मावशी ओट्यावर होत्या. म्हणाल्या, ‘सायेब, औशिद खोटं व्हतं का?’ मधल्या काळात 4 कोंबड्या दगावल्या होत्या आणि उरलेल्याही जातील या धास्तीनं 7 कोंबड्या बाजारात येईल त्या भावाला विकल्या होत्या. थोरल्या मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अंड्यांवर चालायचा, तो अडला होता.

मग मी प्रथमच खुराड्याकडे गेलो. खुराडं मोरीच्या सांडपाण्याला लागून. आत चार बोटं शिटीचा थर, तोही ओला. दाणे त्याच चिखलात टाकलेले. पिल्लं, तलंगा, जुन्या कोंबड्या सगळ्या एकत्र. औषध ठेवलं होतं परातीत. धडधाकट कोंबड्या ते पिऊन मोकळ्या झाल्या आणि ज्यांना खरी गरज होती त्या मरगळलेल्या कोपऱ्यात बसून राहिल्या. मी पहिल्याच दिवशी दहा पावलं चालून खुराडं पाहिलं असतं, तर हे सगळं तेव्हाच दिसलं असतं. औषध खरं होतं, सल्ला अर्धा होता. आज तो पुरा सांगतो.

जंत येतात कुठून?

कोंबडीच्या आतड्यात सर्वांत जास्त आढळतो तो मोठा गोल जंत. पांढरट-पिवळा, दोन्ही टोकांना निमुळता. पुरी वाढलेली मादी 7 ते 12 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या बोटाएवढी लांब. ती रोज हजारो अंडी घालते. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती शिटीतून बाहेर पडतात, पण ताजी अंडी लगेच बाधत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की साधारण दोन-तीन आठवड्यांत त्यांच्यात अळी तयार होते. मग ते अंडं दाण्याबरोबर, पाण्याबरोबर किंवा माती उकरताना कोंबडीच्या पोटात जातं. अळी आतड्याच्या अस्तरात शिरून वाढते, पुन्हा पोकळीत येते आणि पाच ते आठ आठवड्यांत तिचा पुरा जंत होतो.

आता हिशेब पाहा. औषधानं पोटातले जंत पडले. पण खुराड्याच्या ओल्या मातीत त्यांची अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात. कोंबडी दुसऱ्याच दिवशी तिथं चोच मारते आणि दीड-दोन महिन्यांत पोट पुन्हा भरतं. घागरीला भोक आहे, ते न बुजवता आपण पाणी भरत राहतो, तसंच हे.

दुसरा प्रकार पट्टकृमींचा. ही चपटी, फितीसारखी, कांड्या-कांड्यांची असतात. त्यांची अंडी थेट कोंबडीला लागत नाहीत. ती आधी मुंगी, शेणकिडा, घरमाशी किंवा गोगलगाय यांच्या पोटात जातात आणि तो किडा कोंबडीनं टिपला की जंत तिच्या पोटात जातो. उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्यांना पट्टकृमी जास्त लागतात ते यामुळेच. शिवाय केसासारखे बारीक जंत असतात. ते नुसत्या डोळ्यांनी सहसा दिसत नाहीत, पण नुकसान मोठं करतात.

पुष्कळ जण विचारतात, हे जंत माणसाला लागतात का? कोंबडीचा हा मोठा गोल जंत माणसाला लागत नाही. क्वचित एखाद्या अंड्यातही जंत सापडतो. ते अंडं फेकून द्यावं. घाबरण्याचं कारण नाही, मात्र कोंबड्यांना जंत झाल्याची ती पक्की खूण समजावी.

ओळखायचं कसं?

जंत झालेली कोंबडी एका दिवसात मरत नाही, ती झुरते. खाते, पण अंगी लागत नाही. हातात उचलून छातीवर बोट फिरवा. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं टोचलं, तर कोंबडी खंगली आहे असं समजा. तुरा फिका पडतो, पंख सैल पडतात, हगवण लागते, अंडी कमी होतात. शिटीत कधी पांढरे जंत दिसतात, तर कधी तांदळाच्या कणीसारखे तुकडे. ते तुकडे म्हणजे पट्टकृमींची कांडी. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना गोल जंताचा त्रास सर्वांत जास्त. जंत फार झाले तर आतडं तुंबून पिल्लू मरतं. मोठ्या कोंबडीत प्रतिकारशक्ती येते. ती स्वतः बरी दिसते, पण शिटीतून अंडी टाकत राहते आणि तिच्या मागं चरणारी पिल्लं ती टिपतात.

मात्र प्रत्येक झुरणीला जंत समजू नका. शिटीत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण असू शकते. तिचं औषध निराळं. हिरवी हगवण, मान वाकडी होणं आणि पटापट मरतूक ही मानमोडीची म्हणजे राणीखेतची लक्षणं. तिथं जंताचं औषध काही कामाचं नाही, लस आधीच टोचलेली हवी. रात्री खुराड्याच्या फटींतून निघणारे गोचीडही रक्त पिऊन तुरा पांढरा करतात. म्हणून कंदील नाहीतर बॅटरी घेऊन फटीही पाहाव्यात.

खात्रीचा मार्ग एकच. सकाळी चार-पाच कोंबड्यांची ताजी शीट स्वच्छ डबीत घ्या आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला न्या. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात आणि जंत कोणता तेही कळतं. झुरून मेलेली एखादी कोंबडी असेल तर ती तशीच डॉक्टरांना दाखवावी. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर मात्र एकही फाडू नका, उघड्या हातानं उचलू नका, खाऊ नका की विकू नका. ताबडतोब दवाखान्यात कळवा. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला होता, ती आठवण अजून जुनी झालेली नाही.

औषध कोणतं आणि किती?

मी शेतीचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. औषध पशुवैद्यकांनीच ठरवावं. पण ते देताना चुका कुठं होतात, ते मी पाहिलेलं आहे.

पायपराझिन हे जुनं औषध. ते मोठ्या गोल जंतावर चालतं, तेही पुऱ्या वाढलेल्या जंतावर. आतड्याच्या अस्तरातल्या अळ्यांवर आणि पट्टकृमींवर त्याचा उपयोग नाही. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल यांची मजल त्यापुढची आहे. पट्टकृमींसाठी डॉक्टर प्राझिक्वांटेलसारखं औषध किंवा वेगळी मात्रा सांगतात. म्हणून ‘जंताचं औषध द्या’ एवढंच दुकानदाराला सांगून भागत नाही. जंत कोणता, ते आधी कळायला हवं.

सर्वांत मोठी चूक होते मापात. अल्बेंडाझोल बाजारात 2.5 टक्के आणि 10 टक्के अशा दोन्ही ताकदींत मिळतं. 2.5 टक्क्यांच्या 1 मिलिलिटरमध्ये 25 मिलिग्रॅम औषध असतं, 10 टक्क्यांच्या तेवढ्याच मापात 100 मिलिग्रॅम. म्हणजे चौपट! समजा डॉक्टरांनी किलोमागं 10 मिलिग्रॅम सांगितलं आणि कोंबडी दीड किलोची आहे. तर तिला 15 मिलिग्रॅम हवं. 2.5 टक्क्यांच्या बाटलीतलं ते 0.6 मिलिलिटर होतं, 10 टक्क्यांच्या बाटलीतलं 0.15 मिलिलिटर. शेळीसाठी आणलेल्या बाटलीतून झाकणानं अंदाजे ओतलं तर काय होईल ते तुम्हीच पाहा. लेव्हामिसोलसारख्या औषधात तर जादा मात्रा लवकर बाधते. कमी पडलं तरी नुकसानच, कारण अर्धवट मात्रेत तगलेले जंत पुढं त्या औषधाला दाद देईनासे होतात. तेव्हा बाटलीवरचा टक्का वाचा, दोन-तीन कोंबड्या तराजूवर तोला आणि सुई काढलेल्या सिरिंजनं माप घ्या.

घरच्या दहा-वीस कोंबड्यांना पाण्यातून पाजण्यापेक्षा एकेकीला तोंडानं पाजणं बरं. रात्री कोंबड्या बसल्या की हाती सापडतात. कोंबडी काखेत धरा, चोच हलकेच उघडा आणि औषध कडेनं थेंब-थेंब सोडा. जिभेच्या मागं श्वासनळीचं छिद्र दिसतं, त्यात औषध जाऊ देऊ नका. घाई केली तर कोंबडी ठसकून मरायची. हे जमत नसेल तर मापाचं औषध कणकेच्या छोट्या गोळीत कालवून एकेकीला भरवा. बाटली आधी चांगली हलवून घ्या, कारण औषध तळाशी बसतं.

पाण्यातूनच द्यायचं असेल तर पाण्यात विरघळणारं औषध घ्या. सकाळी दोन-तीन तास पाणी बंद ठेवा, मग औषधाचं पाणी तासा-दोन तासांत संपेल एवढंच ठेवा. कडक उन्हाळ्यात कोंबड्यांना तहानलेलं ठेवू नका. आजारी कोंबडी पाण्यापर्यंत जात नाही, तिला वेगळं पाजा. आणि औषध सगळ्यांना एकाच दिवशी. झुरणाऱ्या दोघींनाच पाजलं तर उरलेल्या जमिनीत अंडी टाकतच राहतात.

औषधानंतरचे दोन दिवस

हीच गोष्ट मी मावशींना सांगितली नव्हती. औषध दिल्यावर दोन दिवस कोंबड्या बंदिस्त ठेवा. या दोन दिवसांत जंत आणि त्यांच्या पोटातली अंडी शिटीतून पडतात. कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर ते सगळं परसभर पसरतं. खाली जुनं गोणपाट किंवा रद्दी पसरा. सकाळ-संध्याकाळ शीट गोळा करून लांबच्या खड्ड्यात टाका आणि वर शेणकाला व पालापाचोळा घाला. खत तापून चांगलं कुजलं की अंडी मरतात. ताजी शीट वांग्या-मिरचीच्या वाफ्यात टाकू नका, कोंबड्या तिथंच उकरायला जातात.

पायपराझिन दिलं असेल तर अळ्या मागं राहिलेल्या असतात. म्हणून डॉक्टरांना विचारून साधारण तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी.

आणि अंडी-मांसाचं पथ्य पाळावं. औषध दिल्यावर किती दिवस अंडी आणि कोंबडी खायची-विकायची नाही, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. त्या औषधाची मुदत तपासून ठरलेली नसेल, तर 2012 सालच्या नियमाप्रमाणं अंड्यांसाठी निदान 7 दिवस आणि मांसासाठी निदान 28 दिवस धरायचे. ती अंडी घरच्या पोरांनाही देऊ नयेत.

जमिनीचा इलाज

खुराडं मोरीपासून हलवा. उंचवट्यावर, सकाळचं ऊन आत येईल अशा जागी बांधा. जमलं तर बांबूच्या पट्ट्यांचा दोन-तीन फूट उंच माचा करा, म्हणजे शीट फटींतून खाली पडते आणि कोंबडीची चोच तिच्यापर्यंत जात नाही. खालची शीट रोज झाडून काढा, तिथं कोंबड्या शिरू नयेत म्हणून कडेनं जाळी किंवा काट्या लावा. माचा जमत नसेल तर जुनी माती दोन-तीन इंच खरवडून काढा, नवी कोरडी माती घाला, वर भाताचं तूस पसरा. तूस आठवड्यातून दोनदा हलवा, ओलं झालं की बदला. पुष्कळ जण चुना टाकून निश्चिंत होतात. चुन्यानं जागा कोरडी राहायला मदत होते, पण जंताची अंडी कडक कवचाची असतात, नुसत्या चुन्यानं मरत नाहीत. त्यांचे खरे वैरी कोरडेपणा आणि कडक ऊन. एप्रिल-मेमध्ये खुराड्याची जमीन उकरून चांगली तापू द्या.

दाणे जमिनीवर फेकायची सवय सोडा. लाकडी किंवा पत्र्याची अरुंद गव्हाण करा. पाण्याचं भांडं विटांवर ठेवा आणि रोज घासा.

सर्वांत महत्त्वाचं, पिल्लं वेगळी वाढवा. पहिले तीन महिने त्यांना उकिरड्यावर जाऊ देऊ नका. डालगं रोज नव्या, कोरड्या जागी ठेवा, कालच्या जागेवर नको. मोठ्या कोंबड्यांना उकिरड्यापासून कायमचं रोखणं कुणालाच जमणार नाही, आणि तिथला फुकटचा चाराही तोडायचा नाही. पण एवढं पिल्लांचं सांभाळलं तरी निम्मी लढाई जिंकलीत.

चाराही पाहा. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडलं की जंतांचा जोर वाढतो. लसूणघास, शेवग्याचा किंवा मेथीचा पाला बारीक चिरून रोज मूठ-दोन मूठ घाला. वावडिंग, लसूण, पपईच्या बिया यांचं घरोघरी सांगतात. पोटासाठी द्यायचं तर थोडं द्या, पण आतडं गच्च भरलेल्या तलंगेला त्यावर सोडू नका. तंबाखूचं पाणी मात्र कदापि पाजू नका. तंबाखू जंताचा जीव घेते तशी कोंबडीचाही घेते.

वेळापत्रक

पिल्लांना पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला द्यावी. मानमोडीची दुसरी लस (आरटूबी) याच वयात येते. तिच्या आधी आठ दिवस जंताचं औषध दिलं तर लस चांगली लागते. पुढं मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांना साधारण तीन महिन्यांनी, शक्यतो शीट तपासून, औषध द्यावं. मृगाच्या आधी एक आणि पाऊस ओसरल्यावर दसऱ्याच्या सुमाराला एक, या दोन मात्रा चुकवू नयेत. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, ध्यानात ठेवू म्हटलं की राहून जातं.

बंधूंनो, एक शब्द तुमच्यासाठी. कोंबड्या म्हणजे बायकांचा उद्योग म्हणून आपण तिकडे पाहत नाही. पण मिठा-तेलाला, पोरांच्या वहीला, अडीअडचणीच्या औषधपाण्याला तोच पैसा पुढं येतो. खुराडं उचलून उंचवट्यावर ठेवणं हे एकट्या बाईचं काम नव्हे. एक दिवस तिथं तुमचेही हात लागू द्या.

त्या मावशींचं खुराडं मग आम्ही हलवलं. त्यांच्या धाकट्या दिरानं बांबूचा माचा बांधून दिला. उरलेल्या 11 कोंबड्यांना एकेक करून औषध पाजलं, दोन दिवस कोंडून ठेवल्या. दिवाळीनंतर तलंगा अंड्यावर आल्या. विकलेल्या 7 मात्र परत आल्या नाहीत आणि त्या वर्षीच्या वह्या उसनवारीवरच आल्या. त्यानंतर कुणीही कोंबड्यांचं विचारलं की मी आधी खुराडं पाहतो, मग बोलतो.

पत्र लिहिणाऱ्या ताई, तुम्हीही आज संध्याकाळी तेवढंच करा. खुराड्यातली माती मुठीत दाबून पाहा. गोळा झाला तर कामाला तिथून लागा, औषधाची बाटली त्यानंतर.

बाकी पुढच्या खेपेला. रामराम.